पिवळी कात्रणे आणि भंवरकुआं

आमची ताई इंदूरला दिली, त्याला आता पंचवीसहून अधिक वर्षे झाली. १९९८ सालचे लग्न. तेव्हापासून मे महिन्यात इंदूरला जायचे ठरले की माझ्या पिशवीत दोन वस्तू नेहमी असतात. एक बेळगावचा कुंदा आणि दुसरी आईच्या हातची चटणी पुडी. या खेपेला त्यांत तिसऱ्या वस्तूची भर पडली. ती म्हणजे आमच्या आप्पांच्या कात्रणांची फाईल.

आप्पा प्राथमिक शाळेत गुरुजी होते. शाळा आणि शेत सांभाळून रात्री लिहीत बसायचे. सीमाभागातल्या एका छोट्या नियतकालिकात वर्षाकाठी त्यांचे तीन-चार लेख येत. पेरणी, गणपती, वर्गातली मुले, कानडी शेजाऱ्यांकडची बसवजयंती असे घरगुती विषय असत. छापून आलेला लेख ते कात्रीने नीट कापत, चार घड्या घालत आणि फाईलीत ठेवत. ताईच्या लग्नानंतर त्यांनी लेक दूर गेल्यावरचा एक लेख लिहिला होता. तो छापून आला तेव्हा ताई इंदूरला संसार मांडत होती. माहेरपणाला आली तेव्हा वाचायचा राहिला, मग राहूनच गेला. आप्पा गेल्यावर मात्र तिने मनावर घेतले. फोनवर दरवेळी म्हणायची, "अरे, तो लेख एकदा घेऊन ये की. मी वाचलाच नाही बघ."

ताईचे घर भंवरकुआंच्या मागच्या बाजूला आहे. इंदूरला कधी न गेलेल्यांना सांगायचे तर भंवरकुआं हा शहराच्या दक्षिण अंगाचा मोठा चौक. आग्रा-मुंबई रस्ता इथून जातो आणि खांडव्याकडे जाणारा रस्ता इथेच फुटतो. कुआं म्हणजे विहीर, आपल्या कानडी शेजाऱ्यांची 'बावी'. नाव विहिरीचे असले तरी आज डोळ्यांत भरतात ते उड्डाणपूल, रिक्षा आणि माणसांची गर्दी. २०२१ साली या चौकाला टंट्या मामांचे नाव देण्याचे जाहीर झाले. निमाडचे हे भिल्ल वीर इंग्रजांशी लढले आणि ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूरला फासावर गेले. गोरगरीब त्यांना मामा म्हणत. रिक्षावाल्याने मला विचारले, "टंट्या मामा चौराहे पर उतरेंगे?" मी होय म्हणालो. समोर न्यायला आलेली भाची हसून म्हणाली, "चला, मामांच्या चौकात मामा आले."

भंवरकुआं म्हणजे विद्यार्थ्यांचे गावच. १८९१ साली सुरू झालेले होळकर कॉलेज, आताचे होळकर सायन्स कॉलेज, इथून हाकेच्या अंतरावर. खांडवा रस्त्याला विद्यापीठाचा तक्षशिला परिसर. त्यात भर म्हणजे स्पर्धा परीक्षांचे क्लास. माळव्यातून आणि निमाडातून मुले-मुली येतात, भोलाराम उस्ताद मार्गावरच्या खोल्यांतून राहतात आणि सरकारी नोकरीची तयारी करतात. सकाळी पोहे-जलेबीच्या गाड्याभोवती उभी राहूनसुद्धा त्यांच्या हातात वही असते. वाटेत दर दहा पावलांवर एक पाटी दिसते: नोट्स, फोटोकॉपी, बाइंडिंग, जुनी पुस्तके. आपल्याकडच्या 'झेरॉक्स'ला तिकडे सरळ फोटोकॉपी म्हणतात. कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यांनी दुकाने छतापर्यंत भरलेली. एवढा पांढराशुभ्र कागद मी एका ठिकाणी कधी पाहिला नव्हता.

त्याच संध्याकाळी ताईने फाईल उघडली. दाजी, भाची, मी असे सगळे भोवती बसलो होतो. कात्रणांचा रंग चहासारखा झाला होता. ताईने हलक्या हाताने लग्नाच्या लेखाची घडी उलगडली आणि कागद घडीवरच तडकला. पापड मोडतो तसा आवाज झाला. घडी नेमकी शेवटच्या परिच्छेदावर आली होती. दोन ओळींचा भुगा ताईच्या मांडीवर पडला. कुणाला काय बोलावे कळेना. शेवटी ताईच म्हणाली, "होगली बिडू." आमच्या शेजारची कानडी अज्जी प्रत्येक नुकसानीला हेच म्हणायची. ताईने उरलेला लेख वाचला, दोनदा वाचला. पण त्या गेलेल्या दोन ओळींपाशी आली की तिचा आवाज अडखळत होता.

मी मराठीचा प्राध्यापक. कागदावर काय लिहिले आहे ते मला कळते, कागद कशाचा आहे ते नाही. भाची मात्र रसायनशास्त्र शिकते. ती म्हणाली, "मामा, उद्या सकाळी आपण सगळ्या कात्रणांची फोटोकॉपी करून घेऊ. तोवर तुम्ही यांना हातपण लावू नका." दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी होती. नंबर येईपर्यंत बाकावर बसून तिने मला जे शिकवले, ते मी आता तुम्हाला सांगतो.

दुकानदाराने पहिला सल्ला दिला तो लॅमिनेशनचा. "सर, पक्का काम हो जायेगा." भाचीने ताबडतोब नको म्हटले. प्लास्टिक चिकटवताना गरम रूळ फिरतो, त्याने मोडका कागद आणखी बिघडतो. शिवाय आतले आम्ल आतच कोंडले जाते आणि प्लास्टिक पुन्हा कधी काढता येत नाही. हे ऐकून मी दचकलो. लॅमिनेशन केले की कागद अमर झाला, अशीच माझी समजूत होती.

"पण कागदात आम्ल येते कुठून? आणि तो पिवळा का पडतो?" मी विचारले.

ती म्हणाली, "ते समजायला लाकडापासून सुरुवात करावी लागेल."

लाकडात मुख्यतः तीन गोष्टी असतात. पहिली सेल्युलोज. हे पांढरे, चिवट तंतू म्हणजेच खरा कागद. कापूस जवळजवळ निव्वळ सेल्युलोजचाच. लाकडात ते साधारण चाळीस ते पंचेचाळीस टक्के असते. दुसरी हेमिसेल्युलोज, त्याचीच धाकटी भावंडे म्हणा. तिसरी लिग्निन. हे लाकडाच्या वजनाच्या पाव हिश्श्याच्या आसपास भरते. तंतूंना एकमेकांशी जखडून ठेवायचे काम लिग्निनचे. घराच्या भिंतीत दगड म्हणजे सेल्युलोज आणि चुना म्हणजे लिग्निन. झाड ताठ उभे राहते ते लिग्निनमुळे. आणि कागद पिवळा पडतो तोही लिग्निनमुळेच. ऊन आणि हवा लागली की लिग्निनचे रेणू बदलतात, त्यांतून रंगीत द्रव्ये तयार होतात आणि कागद आधी पिवळा, मग तपकिरी होतो.

म्हणजे चांगला कागद हवा तर लाकडातून लिग्निन काढायला हवे. ते कसे काढतात? "मामा, आई हरभरे शिजवताना सोडा घालते ना?" भाची म्हणाली, "तसेच." लाकडाच्या किंवा बांबूच्या चकत्या एका भल्यामोठ्या कुकरमध्ये घालतात. पाण्यात कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइड असते. १६० ते १७० अंश तापमानाला काही तास शिजवले की लिग्निन विरघळून पाण्यात उतरते आणि तंतू मोकळे होतात. हाच लगदा. या पद्धतीला क्राफ्ट म्हणतात. जर्मन भाषेत क्राफ्ट म्हणजे ताकद. कार्ल डाल या रसायनतज्ज्ञाने १८७९ साली ती शोधली आणि आज जगातला बहुतेक रासायनिक लगदा याच पद्धतीने होतो. शिजवताना लाकडाचे जवळजवळ अर्धे वजन विरघळून जाते. दोन टन सुके लाकूड घातले तर हाती जेमतेम एक टन लगदा लागतो.

विरघळलेला अर्धा भाग मात्र फुकट जात नाही. तो काळा, दाट द्रव आटवून भट्टीत जाळतात. त्यातले लिग्निन जळून वाफ आणि वीज मिळते आणि गिरणीचा मोठा भाग त्यावर चालतो. भट्टीच्या तळाशी क्षार वितळून साठतात, ते पाण्यात विरघळवून चुना घातला की पुन्हा कॉस्टिक सोडा तयार. तोच सोडा परत कुकरमध्ये जातो. आपल्या घरातल्या बायकांनी करावा तसा काटकसरीचा कारभार आहे हा!

आमचे गाव खानापूर तालुक्यातले. लहानपणी बांबूने लादलेले ट्रक दांडेलीकडे जाताना पाहून आम्ही मुले हात हलवायचो. क्राफ्ट पद्धतीच्या कोणत्याही गिरणीजवळ गेले की कुजक्या कोबीसारखा एक वास येतो, तो तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. ती करामत गंधकाची. शिजताना मरकॅप्टन जातीचे वायू तयार होतात. आपल्या घरच्या गॅस सिलिंडरला गळती कळावी म्हणून जो वास मुद्दाम घातलेला असतो, तो त्यांच्याच कुळातला. हवेत अगदी कणभर असला तरी नाकाला कळतो.

कुकरमधून निघालेला लगदा पांढरा नसतो, तपकिरी असतो. कारण थोडे लिग्निन तंतूंना चिकटून राहतेच. तो तसाच वाळवून कागद केला की तयार होतो आपला खाकी कागद. जून महिन्यात आपण मुलांच्या वह्या-पुस्तकांना कव्हर घालतो तो. कधी विचार केला होता का, की आतला कागद पांढरा आणि त्याला जपणारा कागद खाकी असे का? खाकी कागद चिवट असतो. त्याला फक्त शिजवलेले असते, त्यापुढे छळलेले नसते.

पुढचा छळ म्हणजे विरंजन, पांढरे करणे. याची गोष्ट कापडापासून सुरू होते. पूर्वी युरोपात विणलेले कापड पांढरे करायला आठवडेच्या आठवडे कुरणावर उन्हात पसरून ठेवत. १७७४ साली शेले या स्वीडिश रसायनतज्ज्ञाने क्लोरीन वायू शोधला. १७८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये बर्थोले यांनी त्याने कापड पांढरे होते हे दाखवले, आणि १७९९ साली स्कॉटलंडच्या टेनंट यांनी ब्लीचिंग पावडरचे पेटंट घेतले. साथीच्या दिवसांत गावच्या विहिरीत टाकतात तीच ही पावडर. कापडामागून कागदही याच वाटेने गेला. क्लोरीन उरलेल्या लिग्निनवर तुटून पडतो, त्याचे तुकडे करतो, मग ते सोड्याच्या पाण्यात धुऊन काढायचे. पुन्हा क्लोरीन, पुन्हा धुणे. चार-पाच फेऱ्यांनंतर लगदा पांढरा होतो.

हे दीडशे वर्षांहून अधिक काळ चालले. पण क्लोरीन नुसते लिग्निन तोडत नाही, त्याला जाऊन चिकटतोही. त्यातून क्लोरीनयुक्त सेंद्रिय द्रव्ये तयार होतात आणि धुण्याच्या पाण्याबरोबर नदीत जातात. १९८० च्या दशकात अमेरिकेत कागद गिरण्यांच्या खालच्या अंगाला नदीतल्या माशांत डायॉक्सिन सापडले. हे फार विषारी द्रव्य, चरबीत साठते आणि माशातून माणसात येते. जगभर खळबळ उडाली. तेव्हापासून गिरण्या हळूहळू निव्वळ क्लोरीन सोडून क्लोरीन डायॉक्साइडकडे वळल्या. नावात साम्य असले तरी स्वभाव निराळा. तो मुख्यतः लिग्निनचे ऑक्सिडीकरण करतो, त्याला क्लोरीन फारसा चिकटवत नाही. हा वायू इतका स्फोटक की साठवून, टाकीत भरून आणता येत नाही. गिरणीतच ताजा तयार करावा लागतो. काही ठिकाणी आधी ऑक्सिजनने बरेचसे लिग्निन काढतात, काही ठिकाणी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. आपल्या देशात २००३ साली प्रदूषण नियंत्रण मंडळाने उद्योगांबरोबर एक सनद ठरवली. मोठ्या कागद गिरण्यांनी टनभर कागदामागे बाहेर पडणारी ही क्लोरीनयुक्त द्रव्ये दोन वर्षांत दीड किलोवर आणि पाच वर्षांत एक किलोवर आणावीत असे तीत होते. हे किलोचे आकडे वाचताना नदीच्या काठी राहणाऱ्यांची आठवण ठेवायला हवी. काळी असो, भद्रा असो की वैनगंगा, पाणी कुणाच्या तरी घागरीत जातेच.

एवढे करूनही आपले समाधान होत नाही. पांढऱ्याहून पांढरे हवे! भाचीने दुकानदाराच्या गल्ल्यावरचा नोटा तपासायचा जांभळा दिवा मागून घेतला. आधी फोटोकॉपीचा कोरा कागद त्याखाली धरला. तो निळसर उजेडाने लखलखला. मग शंभराची नोट धरली. नोटेचा कागद अंधारातच राहिला, फक्त क्रमांक आणि आतले बारीक धागे चमकले. मग आप्पांचे एक कात्रण धरले. ते मातीच्या ढेकळासारखे मुकाट पडून राहिले. कोऱ्या कागदात जे चमकले, ते आपल्या आजोबांच्या धोतराला घालायच्या टिनोपालच्या जातीचे द्रव्य. डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण ते शोषते आणि निळा प्रकाश बाहेर टाकते. पिवळट झाक झाकली जाते आणि आपण म्हणतो, काय शुभ्र कागद! कागदाचा पांढरेपणा मोजतात तोही निळा प्रकाश किती परत येतो यावरूनच. वृत्तपत्राचा कागद साठीच्या आसपास, फोटोकॉपीचा नव्वदीच्या पुढे.

नोट चमकली नाही, कारण तिच्यात लाकूड नाही आणि टिनोपालही नाही. ती कापसाची. गंमत म्हणजे हा सगळा कारभार इंदूरच्या आसपासच चालतो. नर्मदाकाठी होशंगाबादला, म्हणजे आताच्या नर्मदापुरमला, १९६८ पासून नोटांच्या कागदाची गिरणी आहे आणि इंदूरशेजारी देवासला नोटांचा छापखाना. हजारो हातांतून गेली तरी नोट लगेच फाटत नाही, ती कापसाच्या लांब तंतूंमुळे.

"मग आप्पांचा कागद कशाचा?" मी विचारले.

वृत्तपत्राचा कागद स्वस्त हवा असतो. म्हणून त्याचे लाकूड शिजवत नाहीत, दळतात. १८४४ साली केलर या जर्मन कारागिराने फिरत्या दगडावर लाकूड दाबून त्याचा लगदा करायची युक्ती काढली. आपल्या जात्यासारखीच. यात लाकडाचे शंभरातले पंचाण्णव भाग कागदात येतात. स्वस्ताई झाली, पण सगळे लिग्निनही आत राहिले. शिवाय शाई फुटू नये म्हणून शंभर-दीडशे वर्षे गिरण्यांतून कागदात राळ आणि तुरटीच्या जातीचे क्षार घालत. त्यातून आम्ल तयार होते, लिग्निन बिघडतानाही होते. हे आम्ल सेल्युलोजच्या लांब साखळ्या हळूहळू तोडते. म्हणजे पिवळेपणा लिग्निनचा आणि ठिसूळपणा आम्लाचा. कागद घडीवर आधीच दुखावलेला असतो, म्हणून तो तिथेच मोडतो.

मला आजोबांचा रोजमेळ आठवला. आमच्या माळ्यावरच्या लाल कापडी बासनात तो अजून आहे. हातकागदाची जाड पाने, किंचित मळकट, पण कुठेही दुमडा, तुटत नाहीत. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात, जुन्नरात पूर्वी असा कागद होत असे. चिंध्या, ताग यांच्यापासून. त्यात लिग्निन कमी आणि आम्लही नाही. तो कधीच शुभ्र नव्हता, म्हणून त्याला पिवळे पडायची घाईही नव्हती. पांढरा कागद आणि टिकाऊ कागद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या बाकावर बसून मला पहिल्यांदा कळले.

घरी येऊन भाचीने गच्चीवर एक प्रयोग मांडला. तुम्हीही मुलांना घेऊन करून बघा. आजचे वर्तमानपत्र उन्हात पसरायचे आणि त्याच्यावर मधोमध स्टीलची ताटली उपडी घालायची. दोन-तीन दिवसांनी ताटली उचलली तर खाली गोरा चंद्र आणि भोवती पिवळे आभाळ. शेजारी फोटोकॉपीचा कागद ठेवला होता, तो होता तसाच. आजकालच्या या कागदात तुरटीऐवजी खडूसारखा कॅल्शियम कार्बोनेट असतो. तो आम्ल मारतो, म्हणून आप्पांचे लेख आता या कागदावर पुष्कळ वर्षे राहतील असा भाचीचा भरवसा आहे.

परतीला मी खांडवा रस्त्याने निघालो. भंवरकुआं सोडले की विद्यापीठ लागते, मग सिमरोलचा घाट, सागाची जंगले, बडवाह आणि मोरटक्क्याला नर्मदेचा पूल. खांडव्याहून पहाटे गोवा एक्स्प्रेस मिळते, ती थेट बेळगावला आणते. खांडवा सोडल्यावर भुसावळच्या वाटेवर नेपानगर लागते. इतकी वर्षे त्या स्टेशनावरून झोपेत गेलो होतो. या वेळी मुद्दाम जागा राहिलो.

नेपानगर ही देशातल्या पहिल्या वृत्तपत्र-कागद गिरणीची वसाहत. कंपनी १९४७ ची, उत्पादन १९५५ पासून, आणि २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंनी ती राष्ट्राला अर्पण केली. आसपासच्या जंगलातली सालई, जिच्या डिंकाचा धूप आपण जाळतो, ती दळायची आणि त्यात शिजवलेल्या बांबूचा लगदा मिसळायचा, असा तिचा मसाला. १९८१ पर्यंत देशात वृत्तपत्राचा कागद करणारी ही एकटीच गिरणी होती. पुढे भद्रावतीच्या म्हैसूर पेपर मिल्सचा आणि केरळचाही कागद येऊ लागला. दांडेलीची कंपनीही १९५५ चीच. तेव्हा दांडेली मुंबई राज्यात होती आणि नेपानगरची राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरमांडणी झाली. बेळगाव-कारवार म्हैसूर राज्यात गेले, नागपूर मुंबईत आले, इंदूर नव्या मध्य प्रदेशात. सीमा हलल्या, पण शब्द राहिले. हिंदीत कागज म्हणतात, आपण मात्र मराठीतही कागद म्हणतो आणि कानडीतही कागद. खेड्यात अजून 'लेकीचा कागद आला' म्हणजे पत्र आले असा अर्थ दोन्ही भाषांत होतो. नेपाची यंत्रे २०१६ साली नूतनीकरणासाठी थांबली होती, ती २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झाली. आता तिथे लाकूड दळत नाहीत. रद्दी कागदाची शाई धुऊन काढून त्याचाच नवा कागद करायची योजना आहे. खिडकीतून अंधुक उजेडात झाडे आणि काही दिवे तेवढे दिसले आणि स्टेशन मागे पडले.

घरी आल्यावर मी तीन गोष्टी केल्या, त्या तुम्हालाही सांगतो. तुमच्याही पेटीत कुणाच्या निधनाची बातमी, दहावीच्या निकालातला फोटो, नातवाच्या बारशाचे कात्रण असेलच. एक, सगळ्या कात्रणांच्या घड्या सोडवून ती चांगल्या कोऱ्या कागदांच्या मधे सपाट ठेवली. टाचण्या काढल्या, चिकटपट्टी लावली नाही. दोन, पेटी माळ्यावरून, पत्र्याच्या उष्णतेतून काढून खालच्या कोरड्या अंधाऱ्या कपाटात ठेवली. तीन, जिथे पांढऱ्या कागदाची गरज नाही तिथे खाकी वापरायचे ठरवले. पाकिटे, कव्हरे, कच्चे लिखाण पांढरेशुभ्र कशाला हवे? त्या शुभ्रतेसाठी एखादी नदी चार फेऱ्या जास्त धुणे करत असते.

चौथी गोष्ट राहिलीच होती. गेलेल्या दोन ओळी. आमच्या गावच्या वाचनालयात जुन्या अंकांच्या बांधीव फायली आहेत. ग्रंथपालांना विनंती केली, १९९८ ची फाईल काढली. पाने तशीच तपकिरी, कडा झडलेल्या. पण अंक सपाट बांधलेला, त्यामुळे मधे घडी नव्हती. आप्पांचा लेख पूर्ण होता. मी त्या ओळी वहीत उतरवून घेतल्या, फोटोही काढला आणि बाहेर कट्ट्यावर येऊन ताईला फोन लावला.

आप्पांनी लिहिले होते की बेळगाव स्टेशनवर लेकीला पुष्कळ काही सांगायचे ठरवले होते. गाडी हलायची वेळ झाली तेव्हा तोंडातून एवढेच आले, "पाणी घेतलेस का?"

ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "होय की रे. विचारलं होतं त्यांनी. मी नाही म्हटलं, तर धावत नळावर गेले होते. गाडी सुटता सुटता बाटली खिडकीतून आत दिली बघ."